जयपूरमार्गे परत

२७ एप्रिल २०२३ची रात्र. जयपूरच्या सवाई मानसिंग स्टेडियमवर राजस्थान रॉयल्स विरुद्ध चेन्नई सुपर किंग्ज. राजस्थानचं हे घरचं मैदान, राजस्थानचा रंग गुलाबी, शहरही गुलाबी. पण त्या रात्री स्टँडवर नजर टाकली तर पिवळा रंग कुठे संपतो ते शोधावं लागत होतं. त्यातले बहुतेक चेन्नईला कधी गेलेही नसतील. ज्यांच्या पाठीवर सात आकडा आणि धोनीचं नाव होतं, ती माणसं राजस्थानातलीच होती आणि आपल्याच शहराच्या संघाविरुद्ध ओरडायला तिकीट काढून आली होती.

यशस्वी जयस्वालने ४३ चेंडूंत ७७ धावा ठोकल्या, राजस्थान २०२ पर्यंत पोचलं. चेन्नईकडून पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने ४७ केल्या, शिवम दुबेने अर्धशतक काढलं. धावगती हाताबाहेर चालली होती आणि स्टँडला तिची फारशी फिकीर नव्हती. विकेट पडली की आपल्या संघाची पडली म्हणून हळहळायचं, की आता 'तो' येईल म्हणून उसळायचं, हे पिवळ्या शर्टवाल्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. सहा विकेट पडल्या, चेन्नईचा डाव १७० वर संपला. धोनी फलंदाजीला आलाच नाही.

त्या मोसमात सगळीकडे हेच चाललं होतं. धोनी एक्केचाळीस वर्षांचा, गुडघा दुखावलेला, आणि हा त्याचा शेवटचा मोसम असं प्रत्येकाने परस्पर ठरवलेलं. चारच दिवस आधी कोलकात्यात ईडन पिवळं झालं होतं. तिथे धोनीने हसत हसत म्हटलं होतं, की ही मंडळी मला निरोप द्यायला आलेली दिसतात. निरोप द्यायला आलेले लोक आणि जायचं की नाही हे न सांगणारा माणूस, असा तो देशभर फिरणारा समारंभ होता. जयपुरात सामन्यानंतर तो निवृत्तीबद्दल काही बोलला नाही. बोलला ते या मैदानाबद्दल. विशाखापट्टणमच्या पहिल्या एकदिवसीय शतकाने आपल्याला आणखी दहाएक सामने मिळवून दिले. पण इथल्या १८३ने आणखी एक वर्ष मिळवून दिलं, असा त्याचा हिशेब.

ते १८३ ज्यांनी पाहिलेत त्यांना तारीख सांगावी लागत नाही. ३१ ऑक्टोबर २००५, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. श्रीलंकेने २९८ केलेल्या, संगकारा नाबाद १३८. सचिन लवकर बाद झाला आणि तिसऱ्या क्रमांकावर खांद्यापर्यंत केस वाढवलेला रांचीचा पोरगा आला. १४५ चेंडू, १५ चौकार, १० षटकार, नाबाद १८३. फटाके विकत आणायला निघालेली माणसं टीव्हीच्या दुकानासमोर खिळून उभी राहिली, असं तेव्हा गावोगावचं दृश्य होतं.

'एक वर्ष मिळालं' हा शब्दप्रयोग मात्र नीट ऐकण्यासारखा आहे. २००५ साली ते वर्ष निवड समितीने दिलं. २०२३ साली त्याच मैदानावर प्रेक्षक त्याच्याकडे एक वर्ष मागत होते. खेळाडू थांबतो कधी, आणि थांबलेला परत येतो कधी, हे आपण त्याच्या मनाचा प्रश्न समजतो. जयपूरच्या या मैदानाचा इतिहास चाळला तर निराळंच चित्र दिसतं. परत येणाऱ्याला नेहमी कुणीतरी बोलावलेलं असतं. आणि बोलावणारा कोण, यावर परतीचं दार उघडतं की नाही हे ठरतं.

ज्याच्या नावाने हे स्टेडियम आहे तो राजा, सवाई मानसिंग दुसरा, स्वतः निवृत्तीच्या भानगडीत पडलाच नाही. १९३३ साली त्याच्या जयपूर संघाने इंग्लंडमधल्या पोलोच्या मोसमात प्रतिस्पर्धी शिल्लक ठेवला नव्हता. रामबाग पॅलेससमोर हे स्टेडियम उभं राहिलं १९६९ मध्ये. पुढच्याच वर्षी, जून १९७० मध्ये, इंग्लंडमध्ये सिरेन्सेस्टरला पोलोच्या मैदानावरच तो कोसळला आणि गेला. सत्तावन्न वर्षांचा होता. राजे लोकांना निवड समिती नसते.

या मैदानावर आजवर एकच कसोटी झाली, फेब्रुवारी १९८७ मध्ये, भारत विरुद्ध पाकिस्तान. ती आठवते झिया उल हकमुळे. सीमेवर दोन्हीकडचं सैन्य जमलेलं, आणि पाकिस्तानचे लष्करशहा 'शांततेसाठी क्रिकेट' म्हणत जयपूरला सामना बघायला येऊन बसले. सामना अनिर्णित राहिला, मधला एक दिवस पावसात गेला, खेळपट्टीवर लाकडाचा भुसा सापडल्यावरून वाद झाला. माझ्या दृष्टीने या कसोटीतली सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्याच चेंडूवर घडून गेली होती. इम्रान खानचा चेंडू, मियाँदादच्या हातात झेल, सुनील गावसकर शून्यावर बाद.

गावसकर त्या दिवशी मुळात तिथे असायलाच नको होते. १९८६ च्या उन्हाळ्यात भारत इंग्लंडमध्ये होता. लंडनमध्ये जेवताना गावसकरांनी इम्रानला सांगितलं की हा दौरा संपला की मी थांबतोय. इम्रान म्हणाला, थांबू नका. पाकिस्तानचा संघ पुढच्या वर्षी भारतात येतोय, तुम्हाला तुमच्या देशात हरवायचंय, तुम्ही नसाल तर त्यात काय मजा! हा किस्सा गावसकरांनीच अनेकदा सांगितला आहे. दौऱ्याची घोषणा शेवटच्या कसोटीआधी झाली नाही तर मी निवृत्ती जाहीर करीन, असं त्यांनी इम्रानला बजावलं होतं. घोषणा झाली. गावसकर थांबले नाहीत.

मग या मालिकेत कलकत्त्याची कसोटी ते खेळले नाहीत. ईडनच्या प्रेक्षकांनी आधी एकदा उडवलेल्या हुर्योनंतर तिथे पुन्हा खेळायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. प्रेक्षकांवर रुसून एक मैदान सोडणारे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या शब्दाखातर निवृत्ती पुढे ढकलणारे, असे हे गावसकर. जयपूरला परतले तर ज्याने थांबवून ठेवलं त्यानेच पहिल्या चेंडूवर परत पाठवलं. पुढच्या कसोटीत, ७ मार्चला अहमदाबादला, दहा हजार धावा पूर्ण झाल्या. बंगलोरच्या आखाडा झालेल्या खेळपट्टीवर शेवटच्या डावात ९६. शिवाजी पार्कातल्या कुठल्याही बाकावर बसा, त्या ९६ची गोष्ट आजही कुणी ना कुणी सांगायला घेतो. इम्रानने तेव्हा 'हो, थांबा' म्हटलं असतं तर ना ते दहा हजार झाले असते, ना ते ९६.

त्याच वर्षीच्या विश्वचषकाने या दोघांना पुन्हा समोरासमोर आणायचं जवळपास ठरवलं होतं. ४ नोव्हेंबरला लाहोरला पाकिस्तान ऑस्ट्रेलियाकडून हरलं. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर भारत इंग्लंडकडून हरला. गावसकर चार धावांवर डिफ्रेटसला त्रिफळाचीत. पाच दिवसांपूर्वी नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी आपलं एकुलतं एक एकदिवसीय शतक केलं होतं, तेही ताप अंगात असताना. चोवीस तासांच्या आत दोघेही आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून बाहेर पडले.

एक परत आला, एक नाही आला. १९८८ च्या सुरुवातीला झियांनी जाहीर समारंभात इम्रानला परत खेळायला सांगितलं. जयपूरच्या स्टँडमध्ये बसून गेलेला तोच जनरल. इम्रान वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर संघ घेऊन गेला, आणि १९९२ च्या मार्चमध्ये मेलबर्नला, एकोणचाळिसाव्या वर्षी, विश्वचषक हातात घेऊन उभा राहिला. गावसकरांना परत बोलावणारं कुणी नव्हतं असं नाही. देशभर लोक तेच म्हणत होते. पण आपल्याकडे लष्करशहा नव्हता आणि गावसकरांच्या डोक्यात विजय मर्चंट होते.

मर्चंटांचं ते वाक्य मुंबईच्या क्रिकेटमध्ये आजही बाळकडूसारखं पाजलं जातं: लोक 'का?' विचारतात तेव्हा जावं, 'का नाही?' विचारायला लागेपर्यंत थांबू नये. मर्चंट स्वतः तसेच गेले. नोव्हेंबर १९५१, दिल्ली, इंग्लंडविरुद्ध १५४, त्याच कसोटीत खांदा दुखावला आणि संपलं. सुंदर नियम आहे. पण तो ज्या काळात तयार झाला त्या काळात निवृत्ती एकदाच होत असे. आज ती हप्त्याहप्त्याने होते. आधी कसोटीतून, मग ट्वेन्टी-२० तून, मग एकदिवसीयमधून, मग फ्रँचायझीतून. आणि मधल्या कुठल्याही हप्त्यावर माणूस थबकू शकतो. मर्चंटांच्या 'का?' ला आता चार वेगवेगळी उत्तरं आहेत.

हप्त्यांची ही सोय भारतात आली तीही जयपूरमार्गेच, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. शेन वॉर्न जानेवारी २००७ मध्ये सिडनीला ॲशेस ५-० अशी जिंकून, ७०८ कसोटी बळी घेऊन आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून गेला होता. वर्षभराने आयपीएलचा लिलाव झाला. राजस्थान रॉयल्स हा आठ संघांतला सगळ्यात स्वस्तात विकला गेलेला संघ, ६ कोटी ७० लाख डॉलरचा. त्यांनी वॉर्नला साडेचार लाख डॉलरच्या पायाभूत किमतीला घेतलं आणि कर्णधार केलं. पहिला सामना दिल्लीकडून नऊ गडी राखून हरले. वर्तमानपत्रांतल्या पंडितांनी हा संघ तळाला राहणार म्हणून लिहून टाकलं.

पुढची गोष्ट गोव्याच्या वाचकाला जास्त जवळची वाटेल. पर्वरीचा बुटकासा सलामीवीर स्वप्नील अस्नोडकर, रणजीत गोव्याकडून खेळणारा, देशाने नाव न ऐकलेला. वॉर्नने त्याला १ मे २००८ रोजी जयपूरच्या मैदानावर कोलकात्याविरुद्ध उतरवलं. ३४ चेंडूंत ६०. वॉर्न त्याला 'गोवा कॅनन', गोव्याची तोफ म्हणायला लागला. निवृत्त माणसाने परत येऊन काय करावं याचं हे माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण. त्याने स्वतःची जागा अडवून ठेवली नाही, दुसऱ्यांसाठी जागा केली. १ जूनला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर शेवटच्या चेंडूवर राजस्थानने धोनीच्या चेन्नईला हरवलं आणि पहिली आयपीएल जिंकली.

वॉर्न २०११ मध्ये पुन्हा निवृत्त झाला, यावेळी आयपीएलमधून. जयपूरमधल्या शेवटच्या सामन्यानंतर खेळपट्टीवरून स्थानिक संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याशी त्याची अशी खडाजंगी झाली की पन्नास हजार डॉलर दंड भरावा लागला. असा निरोप फक्त वॉर्नलाच जमायचा. आणि त्याच डिसेंबरात तो मेलबर्न स्टार्सकडून बिग बॅशमध्ये पुन्हा चेंडू टाकत होता. मेलबर्नच्या लोकांनी तक्रार केली नाही. वॉर्नने परत यायचं हे जणू ठरलेलंच होतं. मार्च २०२२ मध्ये तो गेला तेव्हा मात्र परतीचा प्रश्न उरला नाही.

वॉर्ननंतर कर्णधार झाला राहुल द्रविड. इंदूरला मराठी घरात जन्मलेला आणि बंगळुरात वाढलेला. त्याच्या निवृत्तीचा क्रमही मासलेवाईक. ऑगस्ट २०११ मध्ये निवड समितीने त्याला अचानक एकदिवसीय संघात घेतलं. त्याने संघात येतो म्हटलं आणि त्याच दमात ही माझी शेवटची एकदिवसीय मालिका असंही जाहीर केलं. त्याच दौऱ्यात ३१ ऑगस्टला मँचेस्टरला आंतरराष्ट्रीय ट्वेन्टी-२० मध्ये पदार्पण आणि निवृत्ती एकाच सामन्यात, आणि त्यात समित पटेलला सलग तीन षटकार. मार्च २०१२ मध्ये बंगळुरात तो कसोटीतून बाहेर पडला. पण राजस्थानचा कर्णधार म्हणून आणखी दोन मोसम जयपुरात खेळला. २०१३ चा तो मोसम त्याच्या वाट्याला कडू आला. मे महिन्यात त्याच्याच संघातल्या तिघांना स्पॉट फिक्सिंगच्या प्रकरणात अटक झाली. तरी जयपूरच्या मैदानावर त्या वर्षी राजस्थान हरत नव्हतं.

आणि त्याच मोसमात, ७ मे २०१३ रोजी, दिल्लीविरुद्ध, द्रविडने एका लेगस्पिनरच्या हातात चेंडू दिला. वय ४१. प्रथम श्रेणीचा एकही सामना नाही. नाव प्रवीण तांबे.

मुंबईत या नावाचं कुणालाच नवल नव्हतं, म्हणूनच ते इतकी वर्षं मागे राहिलं. कांगा लीगमध्ये, ऑफिस क्रिकेटमध्ये, मैदानावर दर रविवारी दिसणारा माणूस. ओरिएंट शिपिंगच्या संघात तो होता तेव्हा मध्यमगती टाकायचा; संघाचा कर्णधार अजय कदमने त्याला लेगस्पिनकडे वळवलं. मुंबईच्या रणजी संघाच्या संभाव्य खेळाडूंत नाव, अंतिम यादीत नाही, असं किती वर्षं चाललं हे त्यालाच ठाऊक. आपल्यापैकी ज्याने कधी ऑफिसच्या संघाकडून कडक उन्हात मॅटिंगवर गोलंदाजी केली आहे त्याला हा माणूस ओळखीचा वाटेल. त्याला 'थांबू नको' असं सांगणारं स्टेडियम नव्हतं. 'आता पुरे झालं' म्हणणारे नातेवाईक, शेजारी, कचेरीतले साहेब मात्र अशा प्रत्येकाला असतात.

४ ऑक्टोबर २०१३ ला, बेचाळिसाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात, याच सवाई मानसिंग स्टेडियमवर तांबेने धोनीच्या चेन्नईविरुद्ध १० धावांत ३ बळी घेतले. अजिंक्य रहाणेने ७० केल्या. राजस्थान १४ धावांनी जिंकलं, तांबे सामनावीर. द्रविडचा खेळाडू म्हणून जयपुरातला तो शेवटचा सामना. दोन दिवसांनी दिल्लीच्या अंतिम सामन्यात राजस्थान मुंबई इंडियन्सकडून हरलं. द्रविड आणि सचिन, दोघांचाही तो शेवटचा अधिकृत मर्यादित षटकांचा सामना. सगळ्या कॅमेऱ्यांचं लक्ष त्या दोघांवर होतं आणि ते बरोबरच होतं. स्पर्धेतले सगळ्यात जास्त बळी, बारा, मात्र तांबेच्या नावावर होते. त्याच डिसेंबरात त्याला मुंबईच्या रणजी संघाची टोपी मिळाली. पुढच्या मे महिन्यात कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक. ती अहमदाबादला झाली, कारण तोवर राजस्थान क्रिकेट संघटना आणि बोर्ड यांच्या भांडणात जयपूरचे सामनेच गेले होते. पुढे २०२२ मध्ये श्रेयस तळपदेने त्याची भूमिका केलेला सिनेमाही आला.

सिनेमा जिथे संपतो तिथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१८ मध्ये तांबेने निवृत्ती जाहीर केली. कारण सरळ होतं. शारजात टी-१० लीग होती, आणि भारतीय बोर्डाचा नियम असा की भारतातल्या क्रिकेटमधून, आयपीएलसकट, निवृत्त झाल्याशिवाय परदेशी फ्रँचायझी लीगमध्ये पुरुष खेळाडूला खेळता येत नाही. तो शारजात गेला आणि एका सामन्यात हॅटट्रिकसह पाच बळी घेऊन आला. त्यात गेल, मॉर्गन, पोलार्ड होते. मग त्याने निवृत्ती मागे घेतली. डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने त्याला २० लाखांना घेतलं. वय ४८. आयपीएलच्या लिलावात विकला गेलेला सगळ्यात वयस्क खेळाडू म्हणून दिवसभर त्याच्या बातम्या झाल्या. काही आठवड्यांतच बोर्डाने सांगितलं की टी-१० खेळल्यामुळे हा खेळाडू अपात्र आहे.

मुंबईच्या मैदानांवर तेव्हा जी कुजबुज झाली तिचा सूर 'नियम म्हणजे नियम' आणि 'त्या बिचाऱ्याला कशाला' यांच्या मधला होता. मोर्चा कुणी काढला नाही, हॅशटॅगही चालला नाही. तांबेने वाद घातला नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो त्रिनबागो नाइट रायडर्सकडून कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये उतरला. तिथे खेळणारा पहिला भारतीय. त्या वर्षी त्रिनबागो बाराच्या बारा सामने जिंकून विजेते झाले.

नियम सगळ्यांना सारखा आहे हे दाखवायला युवराज सिंगचं उदाहरण सोयीचं पडतं. जून २०१९ मध्ये तो निवृत्त झाला, कॅनडा आणि अबुधाबीतल्या लीग खेळला, मग २०२० मध्ये पंजाबच्या पोरांना सराव देता देता त्याला पुन्हा खेळावंसं वाटलं. त्याने बोर्डाला पत्र लिहिलं. परवानगी मिळाली नाही. विश्वचषक जिंकून देणारा खेळाडू असूनही नाही. त्या मानाने अंबाती रायुडूची गोष्ट पाहा. २०१९ च्या विश्वचषकातून वगळल्याच्या रागात त्याने जुलैमध्ये निवृत्ती जाहीर केली, ऑगस्टअखेर हैदराबाद संघटनेला पत्र लिहून ती मागे घेतली, आणि परत आला. मे २०२२ मध्ये त्याने निवृत्तीचं ट्वीट केलं आणि थोड्याच वेळात ते पुसलं. चाहत्यांनी चिक्कार थट्टा केली. दार मात्र उघडं राहिलं, कारण तो परदेशी लीगमध्ये गेला नव्हता. रागाने गेलेला परत येऊ शकतो. पोटापाण्यासाठी किंवा हौसेसाठी बाहेर जाऊन खेळलेला नाही.

आणि मग धोनी. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून तो १५ ऑगस्ट २०२० ला गेला. शेवटचा सामना त्याही आधीचा, जुलै २०१९ मधली मँचेस्टरची उपांत्य फेरी. २०२० मध्येच अबुधाबीत नाणेफेकीच्या वेळी चेन्नईसाठी हा शेवटचा सामना का, असं विचारल्यावर 'नक्कीच नाही' म्हणाला. २०२३ ची अंतिम फेरी जिंकल्यावर म्हणाला की आता आभार मानून निघून जाणं सोपं आहे, नऊ महिने मेहनत करून आणखी एक मोसम खेळणं अवघड. पण लोकांनी इतकं प्रेम दिलंय की ती भेट मी त्यांना द्यावी. दोन दिवसांनी मुंबईत गुडघ्यावर शस्त्रक्रिया. २०२४ मध्ये कर्णधारपद ऋतुराजकडे दिलं, खेळत राहिला. २०२५ च्या मोसमाआधी आयपीएलने एक जुना नियम पुन्हा बाहेर काढला: पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू 'अनकॅप्ड' धरायचा, म्हणजे देशाकडून कधीच न खेळलेल्यांच्या खान्यात. चेन्नईने धोनीला चार कोटींत राखलं. देशाला दोन विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार कागदावर नवखा झाला, कारण त्याला ठेवून घ्यायचं होतं.

यात बेकायदा काही नाही. पण एकाच मंडळाच्या कागदपत्रांत एका माणसाला परत यायला नियम नवा होतो आणि दुसऱ्याला नियम जुना दाखवला जातो, हे चाहत्यांनी बघायला हवं होतं असं मला वाटतं. चाहते बघत नाहीत. कारण चाहत्याचं गणित वेगळं असतं. धोनी २००५ मध्ये जयपूरला षटकार मारत होता तेव्हा दहावीत असलेला मुलगा आता पस्तिशीत आहे, हप्ते भरतोय, त्याचा मुलगा शाळेत जातो. धोनी खेळतोय तोवर त्याची ती दिवाळी चालू आहे. 'अजून एक सीझन' हे तो धोनीकडे मागतो खरं, पण मागणं स्वतःसाठीचं असतं. मी यात टोमणा मारत नाही. आमच्या पिढीने सचिनच्या बाबतीत दुसरं काय केलं?

या प्रेमाची एक बाजू त्रासदायकही आहे. रवींद्र जडेजाने २०२३ मध्येच अर्धवट गमतीत सांगितलं होतं की मी वर फलंदाजीला गेलो तर लोक मी बाद व्हायची वाट बघतात. संघातला एक उत्तम अष्टपैलू स्वतःच्या बाद होण्याची पोटतिडकीने वाट बघणाऱ्या स्वतःच्याच प्रेक्षकांसमोर खेळत होता. आणि २०२५ मध्ये वारं फिरलं. बंगळुरूविरुद्ध चेपॉकवर धोनी नवव्या क्रमांकावर आला तेव्हा पहिल्यांदाच पिवळ्या शर्टांतून उघड नाराजी निघाली. त्याच्या गुडघ्यांना दहा षटकं पूर्ण ताकदीने फलंदाजी झेपत नाही, असं प्रशिक्षक फ्लेमिंगना सांगावं लागलं. ऋतुराजचं कोपर मोडलं आणि कर्णधारपद पुन्हा धोनीकडे आलं. चेन्नई त्या मोसमात दहावी, शेवटची राहिली. मर्चंटांचा 'का नाही?' चेन्नईत विचारला जाऊ लागला होता, तोही दबक्या आवाजात.

चाहत्यांच्या या गदारोळाची सवय झालेल्या माणसाला कबड्डीत गेलं की गंमत वाटते. सवाई मानसिंगच्या त्याच आवारातल्या इनडोअर स्टेडियममध्ये जयपूर पिंक पँथर्स खेळतात. यू मुंबाचा लाडका कर्णधार अनुप कुमार, ज्याच्या हाताखाली मुंबईने २०१५ ची प्रो कबड्डी जिंकली, शेवटच्या मोसमात जयपूरकडे आला आणि २०१८ च्या डिसेंबरात मोसम चालू असतानाच निवृत्त झाला. मुंबईकरांना वाईट वाटलं. कुणी फलक घेऊन उभं राहिलं नाही, कुठल्या नियमात दुरुस्ती झाली नाही. तो प्रशिक्षक झाला आणि पुढचं काम सुरू झालं.

जयपूरमध्ये २०२५ च्या एप्रिलमध्ये जे घडलं ते या सगळ्याच्या उलट टोकाचं होतं. १९ तारखेला बिहारचा वैभव सूर्यवंशी, वय १४ वर्षं २३ दिवस, आयपीएलमध्ये उतरला आणि पहिल्याच चेंडूवर पालघरच्या शार्दूल ठाकूरला षटकार मारला. आयपीएलमधलं सगळ्यात वयस्क पदार्पण तांबेचं आणि सगळ्यात लहान वयातलं सूर्यवंशीचं, दोन्ही याच मैदानावरची; तांबे पहिल्यांदा उतरला तेव्हा हा पोरगा दोन वर्षांचा होता. २८ तारखेला गुजरातविरुद्ध त्याने ३५ चेंडूंत शतक केलं. राजस्थानचा मुख्य प्रशिक्षक तेव्हा द्रविड होता, आणि तो व्हीलचेअरवर होता. पायाला दुखापत झाली होती बंगळुरात क्लब क्रिकेट खेळताना, बावन्नाव्या वर्षी, तिसऱ्या डिव्हिजनच्या लीगमध्ये, जिथे तो आपल्या धाकट्या मुलाबरोबर फलंदाजीला उतरत असे. शतक झालं तसा तो पाय विसरून खुर्चीतून उठला आणि दोन्ही हात वर करून ओरडला. मर्चंटांच्या शिस्तीत तंतोतंत बसणाऱ्या निवृत्तीनंतरही द्रविड खेळतच होता. फक्त तिकीट विकलं जात नव्हतं.

ऑगस्टअखेर द्रविडने राजस्थानचं प्रशिक्षकपद सोडलं. त्याच आठवड्यात रविचंद्रन अश्विनने, जो तीन मोसम राजस्थानकडून खेळला होता, आयपीएलमधूनही निवृत्ती जाहीर केली आणि आता जगातल्या इतर लीग खेळून बघणार असं सांगितलं. सप्टेंबरात सिडनी थंडरशी त्याचा करार झाला. तांबेच्या गोष्टीतून कुणी काही शिकलं असेल तर तो अश्विन. बाहेर पाऊल टाकलं की मागचं दार लागणार हे त्याने आधीच धरून चाललेलं होतं.

धोनीने २५ मे २०२५ रोजी अहमदाबादला, मोसमाच्या शेवटच्या सामन्यानंतर, सांगितलं होतं की निर्णय घ्यायला माझ्याकडे चार-पाच महिने आहेत, घाई नाही. संपलो असंही म्हणत नाही, परत येतो असंही म्हणत नाही. चार-पाच महिने म्हणजे दिवाळीच्या आसपासच. त्यासाठी त्याला कुणाकडे अर्ज करायचा नव्हता.